बेटावर न उतरता : सिंधुदुर्गातील समुद्रपक्षी आणि डॉल्फिन सफरींचा आढावा

मालवणच्या धक्क्यावरून पूर्वी पाहुण्यांची होडी सुटायची ती सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी. आता मालवणपासून तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती आणि वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर पाट्याच पाट्या दिसतात : डॉल्फिन पॉइंट, सुनामी आयलंड, स्नॉर्कलिंग, निवती रॉक. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मासळी कमी झाली तसा अनेक मच्छीमार कुटुंबांनी या धंद्याचा आधार घेतला. बापाने ज्या होडीतून जाळे टाकले, त्याच होडीत मुलगा आज लाइफ जॅकेट वाटतो. या बदलाकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही, कारण कित्येक घरांची चूल त्यावर पेटते.

समुद्रावर घरटी करणारे पक्षी, किनाऱ्यालगतचे डॉल्फिन, कासवे आणि प्रवाळ हे या धंद्याचे भांडवल आहे. ते दाखवता दाखवता संपणार की टिकणार, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो. हे सारे दाखवता येते आणि दाखवावेही. मात्र घरट्यांच्या बेटांवर पाऊल ठेवायचे नाही, जनावराचा पाठलाग करायचा नाही आणि पाहुण्याला विकायची ती तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची जाण, जवळीक नव्हे. एवढे पाळले तर सिंधुदुर्गचा किनारा देशातल्या चांगल्या सागरी सफरींत गणला जाईल. नाही पाळले तर दहा-पंधरा वर्षांत दाखवण्याजोगे फारसे उरणार नाही.

समुद्रातले खडप

वेंगुर्ल्यापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, निवतीच्या समोर, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक समूह आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, त्यातल्या एका मोठ्या बेटाला बर्न्ट आयलंड, आणि स्थानिक लोकांच्या तोंडी निवती रॉक. दीपगृहामुळे हा समूह दर्यावर्दी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गोड्या पाण्याचा झरा नाही, सावलीला झाड नाही, वस्ती नाही. पक्ष्यांना हेच सोयीचे, कारण मांजर, कुत्रा, मुंगूस यांपैकी कोणीही तिथे पोचत नाही. भारताच्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत बर्न्ट आयलंडचे नाव आहे.

या बेटांवरचे मुख्य रहिवासी दोन. पहिला सुरय. ब्रायडल्ड टर्न आणि लार्ज क्रेस्टेड टर्न या समुद्री सुरयांच्या दोन जाती इथे वीण घालतात. ब्रायडल्ड टर्नची पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे आणि डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी भुवई. मादी एका विणीत एकच अंडे घालते, तेही गवत-काड्यांचे घरटे न बांधता, खडकाच्या कपारीत किंवा दगडाच्या आडोशाला. एकच अंडे असल्यामुळे ते गेले की त्या जोडीचे वर्ष वाया जाते.

दुसरी पाकोळी, म्हणजे भारतीय स्विफ्टलेट. बेटाच्या पोटातल्या अंधाऱ्या गुहेत शेकडो पाकोळ्या छताला आणि भिंतींना घरटी चिकटवतात. घरट्याचा गारा म्हणजे त्यांची स्वतःची लाळ, तिच्यात थोडे शेवाळ आणि पिसे. अंधारात वाट काढण्यासाठी या पाकोळ्या चोचीतून टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतात. गुहेत टॉर्चचे झोत फिरले आणि आरडाओरडा झाला की हा सारा कारभार विस्कटतो. पिल्लाला अजून उडता येत नसते आणि ते खाली पडले तर थेट पाण्यात पडते.

किनाऱ्यावर तिसरा एक मोठा पक्षी आहे, सागरी गरुड, ज्याला कोकणात काकण म्हणतात. पांढरे पोट, राखाडी पाठ आणि पाचरीसारखी शेपटी. उंच झाडावर बांधलेले काटक्यांचे तेच प्रचंड घरटे तो वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो. मासे आणि समुद्रसाप ही त्याची शिकार. देवबागच्या खाडीतून जाताना माडांच्या वरून घिरटी घालणारा काकण दिसला तर तांडेलाने इंजिन बंद करून पाहुण्यांना पाच मिनिटे शांत बसवावे. त्या पाच मिनिटांसाठी कोणतेही जादा तिकीट लागत नाही.

दीडशे वर्षांच्या नोंदी

वेंगुर्ला रॉक्स हा काही आज सापडलेला 'स्पॉट' नाही. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे आधी पक्षिशास्त्रज्ञ होते, आणि १८७५ च्या लक्षद्वीप सफरीत त्यांनी या खडकांना भेट दिली. १९४० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली इथे येऊन गेले. सुरय आणि पाकोळी या दोन्ही पक्ष्यांविषयीचे त्यांचे लेखन सोसायटीच्या नियतकालिकात आहे. २००७ मध्ये पुण्याचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रायडल्ड आणि लार्ज क्रेस्टेड टर्नच्या इथल्या विणीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

पाकोळीची गोष्ट दुःखाची आहे. तिच्या लाळेच्या घरट्यांचे सूप पूर्व आशियात महागडे पक्वान्न मानले जाते, त्यामुळे या गुहांवर घरटी चोरणाऱ्यांची नजर फार जुनी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी या शतकाच्या सुरुवातीपासून पाकोळीचा प्रश्न लावून धरला. पाहणी केली, वनखात्याला सोबत घेतले, चोरीला आळा घातला. पाकोळीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळण्यामागे ही धडपड आहे. सागरी गरुडाच्या घरट्यांची कोकणातली पाहणीही याच मंडळींनी केली. पुढे वेळासच्या कासव महोत्सवाने गावोगाव नाव कमावले, त्यामागेही हीच संस्था.

या नोंदींतून मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी : इथले पक्षी टिकले ते समुद्र खवळलेला असे, जाणे अवघड असे आणि तिथे जाण्याचे कोणाला कारण नसे म्हणून. आज दोन इंजिनांची फायबर बोट निवतीहून अल्पावधीत तिथे पोचते. निसर्गाने घातलेले कुंपण आता उरलेले नाही, ते माणसाने नियमाने घालायला हवे.

ऋतूंचे गणित

बोटवाल्याला हंगाम दोन : दिवाळी ते नाताळ आणि एप्रिल-मे. पक्ष्यांचे पंचांग वेगळे आहे आणि ही दोन पंचांगे शेजारी ठेवली की बराचसा प्रश्न उलगडतो.

ऑक्टोबरपासून सागरी गरुड घरट्यावर असतो. थंडी ते उन्हाळ्याची सुरुवात या काळात ऑलिव्ह रिडले कासवे वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. उन्हाळ्यात पाकोळ्यांची वीण भरात असते, म्हणजे नेमकी मे महिन्याच्या सुट्टीत, जेव्हा बोटींना क्षणाची उसंत नसते. सुरयांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन पावसाळ्यात चालते.

सुरयांचे नशीब त्यातल्या त्यात चांगले. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत मेरीटाइम बोर्डाच्या आदेशाने प्रवासी होड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. त्यामुळे सुरयांच्या विणीचा बराच काळ माणसाविना जातो. पण पहिली जोडपी बेटावर उतरतात आणि मे महिन्याच्या शेवटच्या फेऱ्याही त्याच बेटाकडे निघतात, तो आठवडा नाजूक असतो. माणूस खडकावर चढला की पक्षी उठतो, उघडे पडलेले अंडे तापलेल्या दगडावर भाजते, आणि घार किंवा कावळा आसपास असेल तर तेवढेही थांबावे लागत नाही. चढणाऱ्याला याची कल्पनाही नसते. त्याला वाटते, आपण फक्त फोटो काढला.

पाकोळीला असे कोणतेही सरकारी सुट्टीचे कवच नाही. तिच्यासाठी मार्च ते मे गुहेच्या तोंडाशी बोट नेणे बंद व्हायला हवे, आणि ते बोटवाल्यांनी स्वतः ठरवले तर वनखात्याच्या आदेशाहून अधिक पाळले जाईल.

गादा आणि त्याच्यामागची शर्यत

मालवणी मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतो. इथला किनाऱ्यालगतचा गादा म्हणजे मुख्यतः इंडियन ओशन हम्पबॅक डॉल्फिन : पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. तो उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी राहतो, म्हणून कर्ली नदीच्या मुखाजवळ देवबागसमोर तो हमखास दिसतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे आणि आपल्या कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, लाजाळू फिनलेस पॉरपॉईजही असतो, पण तो पाहुण्यांना क्वचितच दिसतो.

कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण संशोधकांनी गेल्या दशकात सिंधुदुर्गच्या गावागावांत फिरून मच्छीमारांकडून डॉल्फिनविषयीची माहिती गोळा केली. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात याच मंडळींना निळे देवमासे दिसले. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ निळा देवमासा जिवंत दिसल्याची ही फार वर्षांनी मिळालेली नोंद होती. मच्छीमाराच्या माहितीला शास्त्राची जोड मिळाली की काय हाती लागते, याचा हा धडधडीत पुरावा.

आता सकाळची एक नेहमीची फेरी पाहू. मतलई वारा आहे, पाणी आरशासारखे आहे. चार-पाच गाद्यांचा कळप खाडीच्या तोंडाशी मासे हाकतो आहे. कळप दिसताच पहिल्या बोटीचा तांडेल दुसऱ्याला फोन करतो, दुसरा तिसऱ्याला. थोड्या वेळात आठ-दहा बोटी गोळा होतात. गादा जिथे बुडाला तिथून तो कुठे वर येईल याचा अंदाज बांधून सगळ्या बोटी तिकडे धावतात, कोणी त्याची वाट कापते, कोणी दोन्ही बाजूंनी कोंडते. पाहुणे शिट्ट्या मारतात. गादा श्वास घ्यायला वर येतो आणि लगेच खाली जातो, प्रत्येक वेळी जरा अधिक काळ. पिल्लू सोबत असेल तर आई त्याला घेऊन खोल पाण्याकडे सरकते. भक्ष्य सुटलेले असते. सकाळभर हे चालते, आणि हंगामात रोज.

गादा आवाजाच्या आधारे दिशा आणि मासा शोधतो. पाण्याखाली दहा इंजिनांचा गोंगाट म्हणजे त्याच्या कानात बोळे कोंबण्यासारखे आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांत काही वर्षांचे अंतर असते, म्हणून एकेक पिल्लू मोलाचे.

इलाज अवघड नाही. एका कळपाभोवती एका वेळी दोन-तीनच बोटी. पन्नास मीटर अंतर. पुढून वाट न कापता बाजूने, त्याच्याच दिशेने संथ चाल. तो जवळ आला तर इंजिन न्यूट्रलवर. पंधरा-वीस मिनिटांत दुसऱ्यांसाठी जागा मोकळी. बाजूने संथ चालणाऱ्या बोटीच्या जवळ गादा आपणहून येतो, हे जुन्या तांडेलांना शिकवावे लागत नाही. त्यांना हवी आहे ती खात्री, की शेजारची बोटही तेच करेल.

कायदा आणि कारभार

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या खडपांचा. मच्छीमारांना विश्वासात न घेता ही रेषा आखली गेली, आणि आपली मासेमारी बंद पडेल या भीतीने गावांनी विरोध केला. तेव्हापासून अभयारण्य कागदावर आहे आणि समुद्रावर त्याचा धाक नाही. गंमत म्हणून सांगत नाही, पण स्नॉर्कलिंगची सर्वाधिक गर्दी याच गाभ्याच्या पाण्यात होते. पाव आणि बिस्किटे टाकून मासे गोळा करणे, पाय टेकायला प्रवाळावर उभे राहणे, तिथेच नांगर टाकणे, हे सारे अभयारण्यात घडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांचे विरंजन आणि पर्यटनामुळे होणारी मोडतोड दोन्ही नोंदवले आहे.

पुढे दिशा बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्याचा जैवविविधता प्रकल्प झाला, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला आणि तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका हाताने वल्हवलेल्या होडीतून कांदळवन सफर घडवतात, चिप्पी कोणती, तिवर कोणते ते सांगतात. इंजिन नाही, धावपळ नाही, तरी पाहुणे येतात. सबंध जिल्ह्याने गिरवावा असा हा कित्ता आहे.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. बोटीची क्षमता, परवाना, हवामान आणि जॅकेट यांची तपासणी आणि वन्यजीवांचे नियम हे दोन वेगळे विषय नाहीत. जो तांडेल उधाणात बोट काढत नाही, तोच गाद्याचा पाठलागही करत नाही. शिस्त एकच असते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातली एक तरतूद बहुतेक बोटवाल्यांना ठाऊक नाही. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणेही येते. बंदूक लागत नाही, खडकावर चढणे पुरते.

आणि आता एक नवी घडामोड. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळावर बसवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची सरकारची योजना आहे. योजनेला माझा विरोध नाही. मात्र तिच्यामुळे ज्या पाण्याकडे बोटींची रीघ लागेल, त्याच पाण्यात सुरयांची आणि पाकोळ्यांची घरे आहेत. बोटींची वाट, नांगराची जागा आणि बेटापासूनचे अंतर आराखड्यातच लिहिले गेले पाहिजे. नंतर आठवण होऊन उपयोग नाही.

इतरांनी काय केले

लक्षद्वीपच्या पिट्टी या छोट्या निर्जन बेटावर सुरय वीण घालतात, आणि ते बेट पक्षी अभयारण्य आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला स्कुबासाठी बोटी जातात. तिथेही सागरी गरुड आणि पाकोळ्या आहेत, म्हणजे आपल्यासारखाच पेच. ओडिशातल्या चिलिका सरोवरात सातपाड्याच्या बोटवाल्यांना इरावती डॉल्फिनजवळ बोट कशी न्यावी याची नियमावली दिली गेली, कारण पंख्याच्या मारानेही डॉल्फिन मरत होते. इंग्लंडच्या फार्न बेटांवर पफिन आणि सुरय पाहायला बोटी पिढ्यान्‌पिढ्या जातात. २०२२ मध्ये बर्ड फ्लू पसरला तेव्हा बेटावर उतरणे बंद झाले, बोटी मात्र बेटाला वळसा घालत राहिल्या आणि लोक बोटीतूनच पक्षी पाहत राहिले. उतरू दिले नाही म्हणून पाहुणा येणे थांबवतो, ही भीती खरी नाही.

गोवा, कर्नाटक आणि केरळातले पक्षीनिरीक्षक अलीकडे भर समुद्रात जाऊन शीअरवॉटर, पेट्रेल, स्कुआ असे किनाऱ्यावर सहसा न दिसणारे पक्षी पाहतात. हौशी निरीक्षक अशा सफरीला चांगले पैसे मोजतो आणि त्याला गोंगाट नको असतो. मालवण आणि निवतीच्या तांडेलाला दहा पाहुण्यांची एक जाणकार फेरी पन्नास पाहुण्यांच्या पाच फेऱ्यांहून परवडू शकते.

करायचे ते

पहिले, वेंगुर्ला रॉक्सवर पर्यटकांना उतरवणे वर्षभर बंद. दीपगृहाचे कर्मचारी आणि परवानगी घेतलेले संशोधक एवढेच अपवाद. बोटीने बेटाला दुरून वळसा घालावा. दुसरे, मार्च ते मे गुहांजवळ बोट नाही. तिसरे, डॉल्फिनची नियमावली मालवणीत, बोटवाल्यांच्या सहकारी संस्थांनी स्वतः लिहावी आणि मोडणाऱ्याला त्यांनीच फेरीतून बाहेर बसवावे. चौथे, तांडेल आणि खलाशांना पक्षी-प्राण्यांचे रीतसर प्रशिक्षण, आणि प्रशिक्षित बोटीला ठळक खूण, म्हणजे पाहुण्याला निवड करता येईल. पाचवे, प्रत्येक फेरीत काय दिसले याची साधी वही. दहा वर्षांनी ती वही शास्त्रज्ञांनाही सोन्यासारखी वाटेल.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. कांदळवन कक्ष, मेरीटाइम बोर्ड, मत्स्यखाते आणि गावच्या संस्था एका टेबलाशी बसल्या तर येत्या हंगामाआधी हे होऊ शकते. मात्र १९८७ ची चूक पुन्हा नको. रेषा आखण्याआधी ज्यांच्या होड्या त्या पाण्यात आहेत त्यांना विचारा.

आणि पाहुण्यांना एक विनंती. बोटीत बसण्याआधी तांडेलाला सांगा की आम्हाला गादा दुरून पाहायचा आहे, बेटावर उतरायचे नाही, कुरव पक्ष्यांना वेफर टाकायचे नाहीत, आणि काही दिसले नाही तरी आम्ही पूर्ण पैसे देऊ. त्याच्यावरचा सगळा दबाव तुमच्या अपेक्षेतून येतो. ती अपेक्षा तुम्ही बदललीत तर उरलेले काम इथला तांडेल करील, कारण हा समुद्र त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो.